आवाज थांबले, पण भाऊ अंथरुणातून उठत नाही

खाडीकाठ | ४ मार्च, रात्री ११:४०

इथे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय ३४. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना सुरू झालं. शेजारचे भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात, बातम्या देणारी बाई आपलं नाव घेते, वगैरे. सुरुवातीला आम्ही कुठे कुठे फिरलो ते लिहीत नाही. ज्यांच्या घरी झालंय त्यांना ते सांगायला नको. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. निदान स्किझोफ्रेनिया. रिस्पेरिडोन सुरू झालं, डोस वाढत वाढत ६ मिलिग्रॅमवर आला आणि आवाज थांबले. गेल्या सहा वर्षांत एकदाही नाहीत.

आम्हाला वाटलं, सुटलो.

कळव्याला बाबा आणि तो, दोघंच असतात. आई तीन वर्षांपूर्वी गेली. मी ऐरोलीला, दर रविवारी विटाव्यावरून रिक्षाने जाते. तो साडेदहाला उठवलं की उठतो आणि गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो. समोर रेल्वेचे रूळ. ताट पुढे आलं तर जेवतो, नाही आलं तर मागत नाही. अंघोळ तीन दिवसांनी, तीही बाबा ओरडल्यावर. "कसा आहेस?" "बरा." "काय जेवलास?" "जेवलो." हाच मुलगा कॉलेजला जाताना लोकलच्या दारात उभा राहून अख्ख्या डब्याला क्रिकेटचा स्कोअर सांगायचा. परवा मॅच लागली होती, आवाज मोठा होता, आणि हा टीव्हीकडे पाठ करून बसलेला.

आईच्या वेळी रडला नाही. नातेवाईक काय बोलले ते मी विसरणार नाही.

बाबांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत ३१ वर्षं तिन्ही पाळ्या केल्या. त्यांचं म्हणणं एकच: "मी पहाटे पाचला उठून पहिली पाळी गाठली. याला दहाला उठवत नाही. हा आजार नाही, आळस आहे." आत्याला कुणीतरी 'निगेटिव्ह लक्षणं' हा शब्द सांगितला, तर तिने सकारात्मक विचारांचं पुस्तक आणून दिलं. ते तसंच पडलंय.

दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जातो. आवाज येतात का? नाही. झोप लागते का? हो. चालू ठेवा. संपलं. रिस्पेरिडोनबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिल दोनदा आणि रात्री झोपेची अर्धी गोळी आहे.

हा आजारच आहे, की गोळ्यांनी असा झालाय, की बसून बसून सवय लागली? आणि व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय की निगेटिव्ह लक्षणांवर नवीन गोळी आली आहे, त्यात काही तथ्य आहे का?

मामलेदार_तिखट | ५ मार्च, सकाळी ७:१५

ताई, खुर्ची, गॅलरी, तीन दिवसांची अंघोळ... माझ्या चुलतभावाचंच लिहिलंय असं वाटलं. उत्तर माझ्याकडे नाही. धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

निवांत_ओपीडी | ५ मार्च, रात्री १०:०५

मनोविकारतज्ज्ञ आहे, नवी मुंबईत प्रॅक्टिस करतो. तुमच्या भावाला पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याच्यासाठी काय करा ते इथे सांगणार नाही. पण प्रश्न फार नेमके विचारलेत.

आधी त्या शब्दाचा घोळ. इथे पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा चांगल्या-वाईट विचारांशी संबंध नाही. अधिक आणि वजा, एवढंच. नसलेला आवाज ऐकू येणं, नसलेला कट दिसणं, ही मनात पडलेली भर. आणि जे असायला हवं ते कमी होणं, ही वजाबाकी: स्वतःहून काही करण्याची उभारी, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव, आनंदाची ओढ, माणसांत मिसळणं. आत्याबाईंचा हेतू चांगला होता, पण पुस्तकाने वजाबाकी भरून निघत नाही.

आता औषधं याला अपुरी का पडतात ते. सोसायटीच्या टाकीचं उदाहरण घेऊ. तळमजल्याची पाइपलाइन फुटून पाणी वाहतंय, आणि त्याच वेळी सातव्या मजल्यावर थेंब येत नाही. स्किझोफ्रेनियात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं साधारण असं होतं असं मानतात: मेंदूच्या एका वाटेवर ते जास्त, कपाळामागच्या भागाकडे जाणाऱ्या वाटेवर कमी. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन आलं, तेव्हापासूनची बहुतेक औषधं म्हणजे मेन व्हॉल्व्ह आवळणं. तळमजल्याची गळती थांबते, म्हणजे आवाज थांबतात. सातव्या मजल्याचं काय होणार ते कळलंच असेल. (खरा मेंदू इतका साधा नाही, माझे सहकारी हे वाचून हसतील.)

पण "निगेटिव्ह लक्षणं, त्याला काही करता येत नाही" असं म्हणून फाइल मिटवण्याआधी एक गोष्ट बघावीच लागते. मी सुरुवातीच्या वर्षांत ती घाईत सोडून द्यायचो, म्हणून आता जरा जास्तच सांगतो. बाहेरून सारखं दिसणारं हे गप्प बसणं वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेलं असू शकतं. आतून संशय किंवा आवाज चालूच असतील, म्हणून माणूस गप्प. नैराश्य असेल, म्हणून गप्प. दिवसभर करण्यासारखं काही ठेवलेलंच नसेल, म्हणून गप्प. आणि चौथं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय: औषधाने अंग जखडलं असेल.

मेंदूतले डोपामिनचे डी-टू ग्राहक (डोपामिन जिथे जाऊन चिकटतं त्या जागा) साधारण ६५ ते ८० टक्के अडवले तर आवाजांवर परिणाम दिसतो. ८० च्या वर गेलं की पार्किन्सन्ससारखं व्हायला लागतं. चेहरा मुखवट्यासारखा, हालचाल मंद, पापणी कमी लवते. घरच्यांना वाटतं मुलगा सुस्त झालाय. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटू शकतं.

घरी एवढंच बघा. चालताना दोन्ही हात झुलतात का? एक पानभर लिहायला सांगितलं तर खाली जाता जाता अक्षर बारीक होतं का? ताटातून घास उचलायला वेळ लागतो का? जे दिसेल ते लिहून डॉक्टरांसमोर ठेवा. आवाजांव्यतिरिक्त दुसरं कुणी काही सांगतच नाही, म्हणून आम्हीही विचारत नाही. हे समर्थन नाही, पण असं होतं.

स्वतःच्या मनाने एक गोळीही कमी करू नका. सहा वर्षांची शांतता सहा आठवड्यांत जाऊ शकते. ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे हा जखडलेपणा कमी करायची गोळी, तीसुद्धा एकदम तोडायची नसते. मात्र तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, विसरायला होणं हे त्याच गोळीमुळे होऊ शकतं, तेही डॉक्टरांना विचारा.

स्पष्टवक्ता_डोंबिवली | ६ मार्च, सकाळी ९:३०

सगळा फार्मा कंपन्यांचा खेळ आहे. आधी गोळ्या देऊन माणसाचा दगड करायचा, मग दगड फोडायला दुसरी गोळी विकायची. पंचकर्म करा, सकाळी अनवाणी चालवा, सहा महिन्यांत फरक पडतो. अनुभवाचे बोल.

मामलेदार_तिखट | ६ मार्च, सकाळी ९:५२

कुणाच्या अनुभवाचे?

स्पष्टवक्ता_डोंबिवली | ६ मार्च, सकाळी १०:११

ओळखीत एकजण आहेत.

मामलेदार_तिखट | ६ मार्च, सकाळी १०:१४

बरं.

सीवूड्स_स्लो_लोकल | ६ मार्च, दुपारी ३:२०

मी पेशंट आहे. वय २९. आतापर्यंत नातेवाईक आणि डॉक्टरच बोलतायत, म्हणून आतली बाजू लिहिते. गटांमध्ये आम्हाला 'शुभार्थी' म्हणतात आणि घरच्यांना 'शुभंकर'. शब्द गोड आहेत, पण मी पेशंटच म्हणते.

खाडीकाठताई, आळशी माणसाला आळसात सुख असतं. रविवारी दुपारी पंखा लावून पडून राहण्यात काय मजा असते, मला आजारपणाआधीची आठवतेय. आजारात ती मजाही नव्हती. मी पडलेली असायचे आणि पडून राहणंही आवडत नव्हतं. एवढं तुमच्या बाबांना वाचून दाखवा.

अंघोळीचं सांगते. तुम्हाला अंघोळ हे एक काम दिसतं. मला ते असं दिसायचं: उठायचं, टॉवेल कुठे आहे ते आठवायचं, कपडे काढून ठेवायचे, गीझर लावायचा, थांबायचं, बादली भरायची... सातव्या पायरीला मी थकलेली असायचे, आणि अजून पलंगावरच असायचे. गंमत म्हणजे कुणी ढकलत मोरीत नेलं की गरम पाणी अंगावर बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी ते 'बरं वाटेल' असं आधी वाटायचंच नाही. कालची अंघोळ जणू दुसऱ्याच कुणीतरी केली होती.

आणि ते न रडण्याचं. माझी आजी गेली तेव्हा मीही रडले नाही. मामा म्हणाला, दगड आहे. आत काय चाललं होतं ते मी आठ महिन्यांनी बहिणीला सांगू शकले. चेहऱ्यावर दिसत नाही म्हणजे आत नाही, असं धरू नका.

औषधाचं: मला आवाज फारसे नव्हतेच, हेच जास्त होतं. अॅमिसल्प्राइड अगदी कमी डोसमध्ये सुरू केलं. तीनेक महिन्यांत मी पेपरची पुरवणी उचलून वाचायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीबिकरी नाही, पुरवणी! पण पाळी बंद झाली. चार महिने मी कुणाला बोलले नाही, कारण बोलणं हाच तर प्रॉब्लेम होता. मग छातीतून दूध यायला लागलं तेव्हा घाबरून आईला सांगितलं. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढलं होतं. आता अॅरिपिप्राझोलवर आहे. पुरवणी अजून वाचते, पण रोज नाही.

खाडीकाठ | ६ मार्च, रात्री ११:५८

सीवूड्स, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. रविवारी बाबांना वाचून दाखवेन. ते काय म्हणतील माहीत नाही.

निवांत_ओपीडी | ७ मार्च, रात्री ९:४०

सीवूड्स यांनी अंघोळीचं लिहिलंय ते पाठ्यपुस्तकात घालावं असं आहे. प्रत्यक्ष मिळणारा आनंद बऱ्याच जणांत शाबूत असतो, आनंद मिळेल ही आधीची चाहूल मात्र कमी झालेली असते. म्हणून "तुला काय आवडेल?" या प्रश्नाला उत्तर येत नाही. उत्तर येत नाही म्हणून घरचे विचारणं सोडतात, आणि मग खुर्चीच उरते.

अॅमिसल्प्राइडचं कोडं मजेशीर आहे. जास्त डोसमध्ये ते इतरांसारखाच व्हॉल्व्ह आवळतं. रोज ५० ते ३०० मिलिग्रॅमच्या टप्प्यात मात्र ते मुख्यतः डोपामिन सोडणाऱ्या पेशीवरचा लगाम सैल करतं असं मानतात, त्यामुळे डोपामिन थोडं वाढतं. निगेटिव्ह लक्षणंच मुख्य असलेल्या पेशंटांवर नव्वदच्या दशकात त्याच्या चाचण्या झाल्या, आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं. त्यातला किती भाग नैराश्य कमी झाल्यामुळे, हा वाद उरलाच. प्रोलॅक्टिन वाढणं हा त्याचा ठरलेला त्रास आहे. पाळी चुकली तर चार महिने थांबू नका. पुरुषांनाही त्रास होतो, ते तर अजिबात बोलत नाहीत. मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारं औषध असल्याने किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आता व्हॉट्सअॅपवरची नवीन गोळी. बहुधा कॅरिप्राझिन. ती डोपामिनचा ग्राहक पूर्ण बंद करत नाही, अर्धवट चालू ठेवते, आणि डी-थ्री नावाच्या ग्राहकावर तिचा भर जास्त आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली, आता आपल्याकडेही मिळते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिची चाचणी छापून आली. निगेटिव्ह लक्षणंच मुख्य असलेले ४६१ पेशंट, २६ आठवडे, अर्ध्यांना कॅरिप्राझिन आणि अर्ध्यांना रिस्पेरिडोन. असा थेट सामना या विषयात फारच क्वचित होतो.

निकाल सांगतो, कारण मेसेजमध्ये तो कुणी लिहीत नाही. मोजपट्टी ७ ते ४९ गुणांची. कॅरिप्राझिनने सरासरी ८.९० गुणांची सुधारणा झाली, रिस्पेरिडोनने ७.४४. म्हणजे फरक दीड गुणाच्या आतबाहेर. खरा आहे, पण लहान आहे. आणि चाचणीचा खर्च औषध बनवणाऱ्या हंगेरीच्या कंपनीने केला होता. स्पष्टवक्ता, हे तुमच्यासाठी. शंका घ्यायला माझी ना नाही, पण ती आकड्यांवर घ्या.

दुसरा आकडा बघा: रिस्पेरिडोनवाल्यांनाही सात गुण बरं वाटलं. सहा महिने नियमित कुणीतरी येतंय, विचारपूस करतंय, डोस आटोक्यात आहे, याचाही त्यात वाटा असणार असं माझं मत.

मामलेदार_तिखट | ७ मार्च, रात्री १०:२२

डॉक्टर, मग फक्त यासाठीच असं एकही औषध नाही? इतकी वर्षं झाली.

निवांत_ओपीडी | ८ मार्च, सकाळी ८:०५

अमेरिकेच्या एफडीएने खास निगेटिव्ह लक्षणांसाठी आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. प्रयत्न कमी झाले नाहीत. ग्लूटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाची बाजू उचलून धरणारं बिटोपर्टिन, आशा खूप होती, २०१४ मध्ये मोठ्या चाचण्यांत आपटलं. रोल्युपेरिडोनचा अर्ज २०२४ च्या फेब्रुवारीत एफडीएने परत पाठवला. त्याच वर्षी पिमाव्हान्सेरिनही पडलं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम या जोडगोळीला मान्यता मिळाली. डोपामिनच्या ग्राहकाला थेट हात न लावणारं हे या आजारावरचं तिथलं पहिलं औषध, त्यामुळे आमच्या वर्तुळात बरीच चर्चा आहे. पण ती मान्यता स्किझोफ्रेनियासाठी आहे, खास या लक्षणांसाठी नाही.

नैराश्यावरची गोळी जोडून काही जणांना थोडा फायदा होतो. व्यायामाने होतो. छोटी छोटी कामं ठरवून करून घेण्याच्या थेरपीने होतो. सगळीकडे 'थोडा' हाच शब्द आहे.

सायलीची_आई_वाशी | ८ मार्च, दुपारी २:३०

आमच्या मुलीची दोन औषधं फसल्यावर क्लोझापिन सुरू झालं, त्याला नऊ वर्षं झाली. कुणी विचार करत असेल तर घरच्या बाजूने सांगते.

रक्त तपासणी टाळायची नाही. सुरुवातीला दर आठवड्याला असते, मग अंतर वाढत जातं. पांढऱ्या पेशी एकदम कमी होऊ शकतात, शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना, पण झालं तर जिवावर बेततं. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये असे मृत्यू झाले म्हणून हे औषध मागे घेतलं होतं. मग १९८८ च्या अमेरिकेतल्या अभ्यासाने ते परत आणलं, हे आम्हाला आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं. ताप आला, घसा दुखला की आम्ही क्रोसिन देऊन वाट बघत नाही, आधी रक्त.

रात्री लाळ इतकी येते की उशीवर टॉवेल घालते. बद्धकोष्ठाला हसू नका, या औषधात तो आतड्याचा गंभीर त्रास होऊ शकतो. वजन बारा किलो वाढलं. आणि ज्यांची मुलं सिगरेट ओढतात त्यांनी हे लक्षात ठेवा: सिगरेटच्या धुराने हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. कुणी एकदम सिगरेट सोडली तर तोच डोस जास्त होतो. सोडायची तर डॉक्टरांना सांगून.

एवढं करून काय मिळालं? आवाज गेले. उभारी म्हणाल तर सायली सकाळी तुळशीला पाणी घालते. आवाजांच्या भीतीने जे गप्प बसणं होतं ते गेलं, दुसरं राहिलं. डॉक्टर वर म्हणाले ते 'वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेलं' हेच असावं.

खाडीकाठ | १९ एप्रिल, रात्री १०:३०

बरेच दिवस लिहिता आलं नाही. काय झालं ते सांगते.

बाबांना सीवूड्सचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. रात्री मला फोन करून विचारलं, "ती पोरगी कुठली म्हणालीस?"

मग भावाला पानभर लिहायला सांगितलं. पहिली ओळ ठीक, आठव्या ओळीला मुंग्या. चालताना डावा हात अंगाला चिकटलेला. आणि हे मी इतकी वर्षं दर रविवारी बघतेय! व्हिडिओ काढला, कागद घेतला आणि डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी या वेळी बराच वेळ दिला. मनगट धरून हलवलं, कॉरिडॉरमध्ये चालवलं. म्हणाले, औषधाचा जखडलेपणा आहे, आधी लक्षात यायला हवा होता. रिस्पेरिडोन हळूहळू ६ वरून ४ वर आणतोय.

पाचव्या आठवड्यात काकांकडे गेलो होतो. त्यांच्या मांजरीने उडी मारली तर याच्या भुवया वर गेल्या. बस, एवढंच. पण त्या भुवया मी कितीतरी वर्षांनी वर गेलेल्या बघितल्या.

अंघोळ अजून तीन दिवसांनीच.

निवांत_ओपीडी | २० एप्रिल, रात्री ९:१५

भुवया ही मोठी बातमी आहे. डोस कमी होत असताना झोप उडणं, संशय, एकट्याने पुटपुटणं यावर पुढचे काही महिने नजर ठेवा. काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आणि बाबांसाठी एक. १९७६ मध्ये लंडनमध्ये व्हॉन आणि लेफ यांनी पेशंटांच्या घरांचा अभ्यास केला. ज्या घरांत टीका जास्त, तिथे आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त. आणि घरचे टीका कशावर करत होते? आवाजांवर कमीच. उठत नाही, काम करत नाही, बोलत नाही, यावर. आवाज ऐकणारा माणूस आजारी आहे हे पटतं. खुर्चीत बसलेला माणूस आजारी आहे हे पटायला जड जातं. लंडनमधल्या बापांनाही जड गेलं होतं, एवढं त्यांना सांगा.

खाडीकाठ | २८ जून, सकाळी ११:१०

पुढचं. आवाज नाहीत. डॉक्टरांनी रिस्पेरिडोन उतरवत कॅरिप्राझिन सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात बाबांचा फोन, आवाजात आनंद: "अगं, हा चालायला लागला! सकाळपासून गॅलरीत फेऱ्या मारतोय!"

मी रविवारची वाट न बघता गेले. फेऱ्या मारत होता खरा. बसला की पाय हलत होते, दोन मिनिटांत उठत होता, जेवताना ताट हातात घेऊन उभा. मी विचारलं, काय होतंय रे? म्हणाला, "आत मुंग्या. थांबता येत नाही." त्याच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलेलं ते सर्वांत लांब वाक्य होतं, आणि ते त्रासाचं होतं.

डॉक्टर म्हणाले अकॅथिजिया. डोस खाली आणला, प्रोप्रॅनोलॉल जोडलं. हे औषध शरीरात फार काळ रेंगाळतं, म्हणून निवळायलाही आठवडे लागले. बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. "मी खूश झालो होतो गं," एवढंच म्हणत होते.

सीवूड्स_स्लो_लोकल | २८ जून, दुपारी १:०५

अकॅथिजिया मला अॅरिपिप्राझोलच्या सुरुवातीला झाला होता. कातडीच्या आतून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं. त्याने सांगितलं हे फार चांगलं झालं. बरेच जण सांगत नाहीत, गोळीच बंद करतात.

स्पष्टवक्ता_डोंबिवली | २९ जून, सकाळी ८:४०

टोमणा मारायला आलेलो नाही. भाऊ बरा आहे का आता? आणि ते 'ओळखीतले एकजण' म्हणजे माझा मेहुणा. पंचकर्माने फरक पडला हे खरं नाही. गोळ्या बंद केल्यावर चार महिन्यांनी त्याला ॲडमिट करावं लागलं होतं. लिहायला जमलं नव्हतं तेव्हा.

मामलेदार_तिखट | २९ जून, सकाळी ९:०२

या कधीतरी ठाण्याला. मिसळ माझ्याकडून.

खाडीकाठ | १४ सप्टेंबर, रात्री १०:४५

कमी डोसवर आता स्थिर आहे. काय बदललं? खरं सांगायचं तर मोजून चार गोष्टी. अंघोळ एक दिवसाआड. 'बरा' च्या जागी कधी कधी पूर्ण वाक्य. गणपतीत दीड दिवस लोकांमध्ये बसला, तिसऱ्या आरतीला उठून आत गेला. आणि सकाळचा चहा.

चहाचं बाबांनी केलं. "उठ" म्हणणं बंद केलं. साडेआठला त्याच्या पलंगाशी जाऊन म्हणतात, "आधण ठेव, मी साखर घालतो." नुसतं आधण. पहिले पंधरा दिवस बाबाच हाताला धरून ओट्यापर्यंत नेत होते. कालनिर्णयवर ज्या दिवशी आधण ठेवलं त्या तारखेला बारीक टिक. ऑगस्टमध्ये अकरा आहेत. ३१ वर्षं पंचिंग कार्ड केलेला माणूस, हजेरी घेतल्याशिवाय राहवत नाही.

यातलं गोळीचं किती, जखडलेपण गेल्याचं किती आणि आधणाचं किती, मला सांगता येणार नाही. ठाण्यात आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत चौकशी करून आलेय, पुनर्वसनाच्या कामासाठी. तो अजून "बघू" म्हणतोय.

एक विचारायचं होतं. अपंगत्वाच्या दाखल्याचं कुणी केलंय का? बाबा नको म्हणतायत. "पोराच्या कपाळावर शिक्का."

सायलीची_आई_वाशी | १५ सप्टेंबर, सकाळी १०:२०

केलंय. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार आहे. आयडियाज नावाची आपल्याकडची मोजपट्टी वापरतात. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, अशी चार अंगं बघतात, वर आजार किती वर्षांचा आहे तेही. आवाजांपेक्षा तुमच्या भावाचं जे आहे तेच त्यात जास्त धरलं जातं. ४० टक्के किंवा जास्त आलं की फायदे मिळतात. जुन्या करप्रणालीत असाल तर १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८० डीडीडीखाली ७५,००० रुपयांची वजावट अवलंबितावर खर्च करणाऱ्याला मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. अर्ज यूडीआयडी, म्हणजे अपंगत्व ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, मग तपासणीला बोलावतात.

शिक्क्याचं म्हणाल तर आमच्याकडेही हेच झालं होतं. दाखला कपाटात असतो, कपाळावर नाही.

निवांत_ओपीडी | १५ सप्टेंबर, रात्री ९:५०

बरोबर आहे, फक्त कलम ८० डीडी, एक डी जास्त पडला.

खाडीकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री ११:२०

अर्ज भरला. बाबा शेजारी बसून होते, माहिती तेच सांगत होते. शिक्षणाच्या रकान्यात मी 'बारावी' लिहायला गेले तर म्हणाले, "बी.ई. लिही. शेवटचं वर्ष." तसं लिहायला जागा नव्हती. शेवटी बारावीच टाकलं, आणि बरोबर न्यायच्या कागदांत बाबांनी त्याच्या सातव्या सेमिस्टरची मार्कलिस्ट घातली. कुणी मागितलेली नाही. मी काढली नाही.

सायलीची_आई_वाशी | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

राहू दे. फोटो दोन जास्त घ्या, आणि डबा न्या. तिथे वेळ लागतो.